पडदेवाले गुर्जी

"पडदा तुमीच वढत होते न जी, गुर्जी?"

स्नेहसंमेलनाची नाटिका संपल्यावर माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. लिहिली मी, बसवली मी. एका खट्याळ घरातल्या शाळकरी भावाबहिणीची ही मालिका दर जानेवारीला एक भाग करत चौथ्या वर्षात आली आहे. त्यातला दादा कुणाला आठवत नाही. धाकटी मात्र सगळ्यांना आठवते, आणि तिचं काम करणाऱ्या तिसरीतल्या पोरीला गावात आता खऱ्या नावाने कोणी हाकही मारत नाही.

धाकटी खोडकर दाखवायची तर तिच्या तोंडी चहाड्या घालाव्यात, असा नवख्यांचा समज असतो. चहाडी केली की आई दादाला बडवते आणि गंमत तिथेच आटोपते. आमच्या धाकटीला सगळं ठाऊक असतं, पण ती चकार शब्द काढत नाही. यंदा दादाला गणितात ५० पैकी ११ मिळाले. पेपर त्याने लपवला कणकेच्या डब्यात. आमचा मुलूख धानाचा, दोन्ही वेळा भात. पाहुणे आल्याशिवाय त्या डब्याचं झाकण उघडत नाही. धाकटी येते, उभी राहते आणि म्हणते, "आई, आज पोळ्या कर ना." झालं! पुढची नऊ मिनिटं दादा भाताचे गुण गातो.

कागदावर हे सोपं. मंचावर माईक वरून टांगलेले. साउंडवाला ते मोठ्या माणसाच्या अंदाजाने लावतो, सहा फुटांवर. लेकरू चार फुटांचं. तार खाली घ्यावी तर दादाच्या कपाळावर आपटते. म्हणून धाकटीला उलट्या लाकडी खोक्यावर उभं करायचं, बरोबर माईकखाली. खोक्यावर गोणपाट हवंच, नाहीतर तिने टाच आपटली की ढोल वाजल्यासारखा आवाज होतो. आणि ती टाच आपटतेच.

त्याहून अवघड हशा. "लोक हसले की थांब" असं सांगून लेकरू थांबत नाही. पाठ केलेलं वाक्य सुटतं आणि हशात बुडतं. हशा पार विरेपर्यंत थांबली तर प्रयोग गार पडतो. अर्धा ओसरला की बोलायचं. त्यासाठी हातात काडीवाली गोळी द्यायची. वाक्य झालं की गोळी तोंडात, दोनदा चोखायची, काढायची, पुढचं वाक्य. आधी मुरमुऱ्याचा लाडू देऊन पाहिला होता, पण गूळ दाताला असा धरला की वाक्य उद्यावर गेलं. पेपरवरचा ११ चा आकडा वीतभर उंच आणि लाल हवा, मागच्या रांगेला दिसला पाहिजे. कणीक मात्र डब्यात मूठभरच. भरलेला डबा उलटला की पहिल्या रांगेतले पाहुणे पांढरे होतात. दुसऱ्या भागात झाले होते.

आता पडद्याचं विचारणारे ते आबाजी. धोतर, कानटोपी, खांद्यावर घोंगडी. हा माणूस दिवाळी ते होळी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं बघत फिरतो; दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री दहाला नाटक, पहाटे घरी. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्यात आपल्या टाळ्यांचा चार आणे वाटा आहे असं ते शांतपणे सांगतात. आमच्या अठरा मिनिटांनंतर ते जागचे उठलेच नाहीत.

"इंटरवल झाला काजी?"

"नाही आबाजी, संपलं."

"संपलं? आता तं मी घोंगडी पांघरली."

मग मला शेजारी बसवून घेतलं. "धाकली पोट्टी लय बेस. पर रडली नाई जी. नाटकात बहीन हाय अन् रडन नाई? मंग बहीन कायले ठेवली? तिले एक गाना द्या. मायले आंधरी करा."

"आबाजी, हसायचं नाटक आहे."

"हासलो न. किती हासाव मानसानं? पोट दुखते. मंधात जराक रडू द्या, आराम भेटते."

हे सारं ते मला का सांगत होते? तर मी लिहिणाऱ्याला निरोप द्यावा म्हणून! लिहिणारा मीच, हे दोनदा सांगितलं. "हाव, हाव," म्हणाले, "पर त्याले सांगजा."

बरं, पडदा मी का ओढत होतो? मंडप आणि साउंड वर्गणीतून, त्यात पडद्याला माणूस बसत नाही. तालमी शाळा सुटल्यावर, कारण शाळेच्या वेळात पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरायची असते. वर्षभर वरून मागवतात ते तक्ते. नाटिका कुणी मागत नाही, आणि झाली तर पडदा तेवढा दिसतो.

उठताना आबाजी म्हणाले, "अन् पडदा जरा हरू वढत जा. करकर करते."

करकरणारच. तार गंजलेली, कड्या लोखंडी. तारेवर मेणबत्ती घासली की कड्या गुमान सरकतात, हे मलाही कळतं. मेणबत्ती खिशात घालूनच आणली होती, विंगेत ठेवली आणि ऐन वेळी गायब. दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या दप्तरात सापडली.

"ही कशाला घेतलीस गं?"

"तुमीच म्हनले होते न सर, नाटक संपेपर्यंत भूमिकेत राहायचं."