पेपरचा बोळा, टूथपेस्ट आणि गाडीची धुरकट काच

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘गाडीची पुढची काच आतून आरशासारखी करा, खर्च शून्य!’ यंदा तो मामांनी टाकला, खाली हात जोडून. सांगणं असं: गाडी उन्हात लावा म्हणजे काच पटकन वाळेल. ओल्या पेपरच्या बोळ्यानं पुसा. डाग राहिले तर टूथपेस्टनं घासा. अमोनियावालं क्लीनर काचेवर भरपूर फवारा, अमोनियानं काचेला काही होत नाही. आणि शेवटी शेव्हिंग फोमचा हात फिरवा, मग काचेवर वाफ धरत नाही.

मामा, तुमचा मान राखून सांगतो, यातले चार उद्योग मी करून बसलोय.

मी राहतो आष्ट्यात आणि नोकरी सांगलीत. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी येताना परत समोर. अंधार पडला की उसाच्या ट्रॉल्या. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. काच आतून धुरकट असली की समोरच्याचा हेडलाइट तिच्यावर असा पसरतो, की त्याच्या पलीकडची ट्रॉली पार जवळ आल्यावर दिसते. नियमानं पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. धुरकट काचेतूनही तेवढा येत असेल, पण तो विखरून येतो. त्रास त्या विखरण्याचा आहे.

हा थर येतो कुठून, याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. उन्हात गाडी तापली की ती थोडी थोडी उडतात आणि काचेवर जाऊन बसतात. सर्व्हिसिंगला गाडी दिली की पोरं डॅशबोर्डवर पॉलिश मारून चकाचक करून देतात, त्याचाही अंश वर चढतो. आणि आपल्याकडचं खास म्हणजे डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढची उदबत्ती. काचा बंद, उदबत्ती चालू, धूर जाणार कुठं? बोट काचेवर ओढून बघा, स्वच्छ रेघ उमटते आणि बोटाला बुळबुळीत लागतं. थोडक्यात, ही धूळ नाही, तेल आहे. मेसेजची पहिली चूक इथंच.

उन्हाचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. तापलेल्या काचेवर क्लीनर पुसायच्या आधीच वाळतं, आणि त्यात विरघळलेलं तेल होतं तिथंच पट्ट्यापट्ट्यांनी राहतं.

पेपरचं मात्र थोडं खरं आहे, म्हणूनच ते टिकून आहे. कागदाला सुती फडक्यासारखी लव सुटत नाही. घराच्या खिडकीला आमची आई अजून पेपरच वापरते आणि खिडकी छान निघते. पण घराची खिडकी उभी असते, तिच्याखाली डॅशबोर्ड नसतो, बाजूला बदामी रंगाचं कापड नसतं. मी ओला बोळा घेऊन वरच्या कोपऱ्यात हात घातला तेव्हा काच बरी निघाली, पण मनगट छताला घासलं. तिथं शाईचा करडा पट्टा बसला तो आजही आहे. शिवाय ओला पेपर दोन मिनिटांत लगदा होतो, आणि काच जिथं डॅशबोर्डला मिळते त्या अरुंद फटीत त्याचे गोळे पडतात. मी ते चिमट्यानं काढले, एक एक. तेल शोषायची कुवतही कागदात बेताचीच, त्यामुळे चौथ्या-पाचव्या हातानंतर तुम्ही तेल काढत नसता, सारवत असता.

टूथपेस्टबद्दल उगाच घाबरवणार नाही. तिच्यात दात घासायला बारीक पूड असते, बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेट. पदार्थ किती कठीण ते सांगणाऱ्या ‘मोह्स’ मापावर ते ३ आणि काच साधारण साडेपाच, म्हणजे तेवढ्यानं काचेला ओरखडे पडतीलच असं नाही. पण काचेच्या कडेला काळे ठिपके असतात ना, त्यांच्यामध्ये ती पांढरी पूड जाऊन बसते आणि मग निघता निघत नाही. दुसरं म्हणजे हात चालायला लागला की माणूस थांबत नाही. तीच पेस्ट स्पीडोमीटरवरच्या प्लॅस्टिकला लागते, ते तर मऊच. तिथं ओरखडा पक्का. मागच्या काचेवर वाफ घालवणाऱ्या डीफॉगरच्या बारीक तारा आतल्या बाजूनं छापलेल्या असतात. एक जरी घासून तुटली तरी ती ओळ तापायची बंद होते.

अमोनियानं काचेला काही होत नाही, हे वाक्य खरं आहे. पण गाडीत नुसती काच नसते. बाजूच्या काचांना फिल्म असेल तर अमोनियानं ती खराब होते. प्लॅस्टिकलाही तो मानवत नाही. आणि बंद गाडीत डोकं आत घालून तो वास घेणं म्हणजे शिक्षाच. क्लीनर कुठलंही असो, थेट काचेवर मारलं की ओघळून खालच्या, काचेवर हवा सोडणाऱ्या डीफ्रॉस्टच्या झडपांत जातं. आरशाच्या मागं पाऊस ओळखणारा सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर तिथंही. फवारा फडक्यावर मारायचा. फास्टॅगही आतूनच चिकटवलेला असतो. त्याची कड ओली होऊन सुटली, तर तासवड्याच्या टोलनाक्यावर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बसा.

शेव्हिंग फोम काम करतो, नाही कशाला म्हणू? साबणाच्या थरामुळं पाण्याचे थेंब न होता पातळ पडदा पसरतो, म्हणून वाफ दिसत नाही. पण जे काढायला आपण तासभर खपलो, तेच, म्हणजे एक थर, परत लावायचा? रात्री हेडलाइट पडला की तोही चमकतो. वाफ धरते ती आतल्या दमट हवेमुळं. एसी चालू करा, हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या, झोत काचेवर सोडा. पावसाळ्यात उलटंही होतं. एसीनं काच इतकी गार पडते की वाफ बाहेरून धरते. तेव्हा आतून पुसत बसू नका. वायपर मारा आणि एसीचं तापमान वाढवा.

मी करतो ते असं. सकाळी, सावलीत, काच गार असताना. मायक्रोफायबरची दोन फडकी. पहिलं पाण्यात पिळून, नुसतं मळ उचलायला. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षारांचे ठिपके राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणतो (डिस्टिल्ड वॉटर म्हणून मागायचं, ॲसिड हातात पडायला नको). मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेच पाणी निम्मं-निम्मं, फडक्यावर. दारं उघडी, आसपास काडी नाही, उदबत्ती तर नाहीच. फडक्याची घडी सारखी बदलायची, कारण एक बाजू तेलानं भरली की ती संपली. स्टिअरिंग आड येतं म्हणून डावीकडच्या सीटवर बसायचं, आणि खालच्या कोपऱ्यात हात उलटा करून, तळवा काचेकडे ठेवून सरकवायचा. आतून हात आडवा फिरवायचा, बाहेरून उभा. मग पट्टा राहिलाच तर तो कुठल्या बाजूचा आहे ते लगेच कळतं. फडकी नुसत्या साबणानं धुवायची. कपडे मऊ करायचं लिक्विड त्यांना लागलं की पुढच्या वेळी तेच काचेवर उतरतं.

रविवारी मामांकडे गेलो होतो. त्यांच्या गाडीची निम्मीच काच पुसली आणि त्यांना आत बसवलं. मामांनी एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून. मामी दारातून म्हणाली, “अरे, निम्मीच का?” उरलेली निम्मी मामांनी स्वतः पुसली. मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे, आणि माझं फडकं मामांकडे.