आईच्या फोनची झडती

बँकेच्या ॲपला आईच्या फोनचा संशय आला. ‘हे डिव्हाइस रूटेड आहे’ एवढं सांगून ते जे बंद झालं ते झालंच. पुरावा नाही, सुनावणी नाही. साताऱ्यात भांडणसुद्धा इतक्या झटपट होत नाही. आधी खानदान काढावं लागतं.

फोन पोवई नाक्यावरच्या एका दुकानातून घेतलेला. जुना, पण ‘डॉक्टरांनी वापरलेला’. (जुनी वस्तू इंजिनिअरनं वापरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.)

कराडहून सुट्टीला आलेल्या भाच्यानं प्रकरण हातात घेतलं. “मामा, अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप वाड्यातल्या भाडेकरूगत आपल्या खोलीत ऱ्हातं. रूट म्हंजे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा.”

“म्हणजे मालकाकडं किल्ल्या आहेत म्हणून भाडेकरू रुसलाय?” आई म्हणाली. यावर भाच्याच्या अभ्यासक्रमात उत्तर नसावं. त्यानं टर्मक्स, म्हणजे फोनला टाइप करून हुकूम सोडायचं ॲप, उघडलं आणि काळ्या पडद्यावर ‘एसयू’ हा रूट मागणारा हुकूम टाइप केला. रूट असेल तर डॉलरच्या चिन्हाच्या जागी हॅश यायला हवं. घरदार डॉलरकडं डोळे लावून बसलं. एरवी रोज वर सरकणारा डॉलर आज जागचा हलेना. ‘एसयू’ नावाचा प्रोग्रामच फोनमध्ये नव्हता.

मी म्हटलं, सुटलो. पण भाचा मुरलेला फौजदार. फोन रूट करणारं मॅजिस्क हे ॲप म्हणे नाव आणि चिन्ह बदलून लपून बसू शकतं. मग काय, एकेका ॲपला उभं करून विचारपूस. आईच्या पंचांगाचीही झडती झाली, तीही ऐन राहुकाळात.

शेवटी फोन बंद करून चालू केला. कंपनीच्या नावाआधी इंग्रजीत एक इशारा झळकला: बूटलोडर अनलॉक आहे.

“हे होय? हे तर रोजच येतं,” आई म्हणाली. “मला वाटलं जाहिरात आहे.”

म्हणजे रूट नाहीच. त्याआधीचं, फोन सुरू करून देणाऱ्या बूटलोडर नावाच्या प्रोग्रामचं कुलूप तेवढं कुणीतरी उघडून ठेवलेलं. बऱ्याच बँकांच्या ॲपना तेवढंही पुरतं. कुलूप परत लावायचं तर फोनमधला सगळा डेटा पुसला जाणार, आणि आत कंपनीची मूळ सिस्टीम नसेल तर फोन सुरूच न होण्याची भीती. आत नातवाच्या बारशाचे फोटो.

आईनं फोन काढून घेतला, पिशवीत पासबुक टाकलं आणि चपला घातल्या. “मी जाऊन येते बँकेत. तिथली पोरगी मला चेहऱ्यानं ओळखते.”