हीटेड होज: ‘मॅन्युअलवर टाका आणि ॲम्प वाढवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्प्रे फोमच्या मशीनमधून आयसो आणि पॉलिऑल ही दोन केमिकलं गनपर्यंत नेणारी, वायरने तापवलेली लांब जोड-नळी म्हणजे हीटेड होज. दादांचं म्हणणं असं की या होजच्या फॉल्टचा मी उगाच बाऊ केलाय, पार्टी डोक्यावर उभी असताना मीटर घेऊन जॉइंट कोण मोजत बसणार. निफाडला कोल्ड स्टोरेजच्या कामावर त्यांच्या होजचे पहिले दोन तुकडे गरम आणि पुढचे थंडगार होते, तर त्यांनी मशीन मॅन्युअलवर टाकलं, ॲम्प वाढवले आणि भिंतीवर फोम मारून मोकळे झाले. तुटलेली तार पिळून टेप मारली की काम होतं आणि होजमधे लो व्होल्टेज असल्यामुळे घाबरायचं काही नाही, असंही ते म्हणतात. आणि माझ्यासारखे लोक छोट्या कॉन्ट्रॅक्टरला नवी होज घ्यायला लावतात म्हणे.

शेवटच्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. नवी होज छोट्या माणसाला परवडत नाही आणि बहुतेक वेळा ती लागतही नाही, कारण फॉल्ट तारेत, जॉइंटमधे नाहीतर सेन्सरच्या केबलमधे असतो, रबरात नसतो. म्हणूनच मी मोजा मोजा म्हणतोय, न मोजता तुकडे बदलत बसलं की पैसा जातो आणि फॉल्ट तिथेच राहतो.

आता तुमचं निफाडचं लक्षण घेऊ, कारण ते फार महत्त्वाचं आहे. बहुतेक मशीनमधे हीटिंगची वायर आयसोच्या होजवरून गनपर्यंत जाते आणि पॉलिऑलच्या होजवरून परत येते, म्हणजे सगळा मिळून एकच लूप. तो कुठेही तुटला की अख्ख्या होजचं हीटिंग बंद, अर्धी चालू अर्धी बंद असं होत नाही. मग पहिले दोन तुकडे गरम का लागतात? दोन कारणं असू शकतात. एक, हीटिंग पूर्ण मेलेलंच आहे आणि मशीनच्या मेन हीटरमधून निघालेला गरम माल सुरुवातीचे तुकडे कोमट ठेवतोय, डिसेंबरात निफाडला पहाटे पारा पाच-सहा डिग्रीवर येतो तेव्हा पुढे तो गार होणारच. दोन, दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याच्या जॉइंटपाशी दोन्ही बाजूच्या वायर एकमेकींना चिकटल्यात, करंट तिथूनच मागे फिरतो आणि पुढच्या होजला काहीच मिळत नाही.

हे दोन ओळखायला डिस्प्लेवरचा ॲम्पचा आकडा पुरतो. शून्य असेल तर लूप तुटलाय (ग्राको कंपनीच्या रिॲक्टर २ मशीनवर ए८डीएच हा एरर कोड येतो, जुन्या रिॲक्टरवर ई०३) आणि मग मॅन्युअलवर कितीही वाढवा, होजला एक वॅट मिळत नाही. आकडा भरपूर दिसतोय, वर ब्रेकर अधूनमधून ट्रिप होतोय किंवा हाय करंटचा एरर येतोय, तर शॉर्ट. आणि या शॉर्टमधे ॲम्प वाढवणं सगळ्यात धोक्याचं, कारण टेंपरेचरचा सेन्सर बसलेला असतो पार पुढे, गनच्या अलीकडे विप होज (गनला लागणारी शेवटची छोटी लवचीक होज) जोडतो तिथे, त्याला थंडच माल दिसतो, म्हणून मशीन थांबतच नाही, आणि मॅन्युअलवर तर मशीन सेन्सरचं ऐकतच नाही, म्हणजे पहिले दोन तुकडे तापत राहतात आणि त्यांच्या आत हजारभर पीएसआयवर आयसो भरलेला असतो. होज फुटली तर ६० डिग्रीचा आयसो अंगावर येतो दादा, बारीक भोकातून आला तर कातडीच्या आत घुसतो. वरून पंक्चरएवढीच जखम दिसते, आत हात सडतो, तासाभरात सर्जनकडे न्यावं लागतं. मॅन्युअल मोड आहे तो सेन्सर मेला तर उरलेला माल कमी करंटवर, कोणीतरी होजवर हात ठेवून लक्ष देत संपवण्यासाठी. दिवसभर भिंती मारण्यासाठी नाही.

पिळलेल्या जॉइंटचं गणित तर मी कायम हेल्परांना करून दाखवतो. ॲम्पचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स म्हणजे वॅट. लूपमधे ४५ ॲम्पियर आहेत आणि तुमच्या पिळलेल्या जॉइंटचा रेझिस्टन्स फक्त ०.०५ ओहम आहे असं धरा, साधा मीटर तो दाखवणारही नाही, तरी तिथे १०० वॅट तयार होतात, बोटाएवढ्या जागेत, टेपच्या आत. जुन्या पिवळ्या बल्बची सगळी उष्णता त्या टेपखाली कोंडली असं समजा. टेप वितळते, तांबं काळं पडतं, काळं पडलं की रेझिस्टन्स आणखी वाढतो, आणि एक दिवस वायर तुटते किंवा वितळलेल्या इन्सुलेशनमधून शेजारच्या वायरला लागते. म्हणजे निफाडला शॉर्टच असेल तर तो असाच कुठल्यातरी जुन्या टेपखाली तयार झालेला असायची दाट शक्यता आहे.

लो व्होल्टेज म्हणाल तर होजला ट्रान्सफॉर्मरमधून वेगळा काढलेला सप्लाय असतो हे खरं, पण लांब होजवर काही मशीनमधे तो ९० व्होल्टपर्यंत जातो. घामेजल्या हाताने ९० व्होल्टला लो म्हणू नका. मेन आयसोलेटर (मशीनचा मुख्य स्विच) बंद, लॉक, प्रेशर दोन्ही बाजूंचं शून्य, मगच कव्हर उघडायचं.

मोजायला वेळ लागतो हेही पूर्ण खरं नाही. मशीनपाशी टर्मिनल बॉक्समधे होजच्या दोन्ही वायर सोडवा आणि मीटरवर कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का, बघा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून येतो तो आकडा वजा करा, कारण इथे सगळा खेळ ओहमच्या दशांशांचा आहे. लूप ओपन (तुटलेला) आला तर टोकापासून एकेक जॉइंट उघडत बसू नका, सरळ मधला जॉइंट उघडा, तिथे मशीनकडच्या दोन्ही वायर जंपरने (वायरच्या छोट्या तुकड्याने) जोडा आणि मशीनपाशी परत मोजा. आला तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात, नाही आला तर अलीकडच्या. पुन्हा अर्धं करा. सहा तुकड्यांच्या होजला तीनेक जागा उघडून काम होतं. शॉर्ट शोधतानाही हीच रीत, फक्त जंपर न लावता मधला जॉइंट खुला सोडायचा, तरी मशीनपाशी कंटिन्युइटी दाखवली तर शॉर्ट अलीकडे. मोजताना विप आणि गनजवळचा तुकडा हाताने वाकवून बघा, तिथे वायरचे बारीक धागे आतून तुटतात आणि सरळ पडलेल्या होजवर सगळं ठीक दिसतं.

जागा सापडली की काळं तांबं कापून टाका, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जा, मापाची तांब्याची स्लीव्ह (छोटी नळी) घालून नीट टूलने क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, पक्कड नको. सोल्डर मी वापरत नाही, तो भाग कडक होतो आणि त्याच्या कडेलाच वायर तुटते. दोन्ही बाजूंना वायरला थोडी ढील ठेवा, ओढली की ताण होजवर यावा, वायरवर नको. मग टेप, इन्सुलेशन आणि वरचं जाड कव्हर पूर्ववत. तुकडा कायमचा काढून होज छोटी केलीत आणि ट्रान्सफॉर्मरला लांबीप्रमाणे टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजची टोकं) असतील तर टॅप बदला, नाहीतर करंट वाढेल.

सेन्सरचा एरर (टी६डीएच) असेल तर सेन्सर लगेच विकत घेऊ नका. पुढून काढून थेट मशीनच्या सॉकेटला लावा. तिथे बरोबर वाचला तर सेन्सर चांगलाय, केबल तुटलीय.

आणि होज सगळी सारखीच कोमट राहत असेल, कुठेच फॉल्ट नसेल, तर आधी जनरेटर तपासा, लोडवर. २३० चे २०० व्होल्ट झाले की होजची उष्णता जवळपास चौथ्या हिश्शाने कमी होते. होज वेटोळं करून ठेवून हीटिंग चालू करणं मात्र बंद करा, मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर जात नाही आणि सेन्सरला ते कळत नाही.

रबरी होज फुगली, जाळी दिसायला लागली, पाझरली, तर तिथे दुरुस्ती नाही. तेवढा एक तुकडा बदला.

राहिली ती भिंत. थंड होजमधून गेलेला माल जाड असतो, एका बाजूचं प्रेशर पडतं, आणि १:१ चं मिश्रण गनमधे नीट होत नाही. पॉलिऑल जास्त गेला तर फोम मऊ आणि चिवट, आयसो जास्त गेला तर ठिसूळ आणि गडद. कोल्ड स्टोरेजमधे असा फोम भिंत सोडतो, मागे ओल जाते, बर्फ होतो. द्राक्षं आत भरायच्या आधी चार-पाच ठिकाणी चाकूने चौकोन कापून बघा, ओढल्यावर भिंतीपासून सुटतोय की फोममधेच तुटतोय. भिंतीपासून सुटत असेल तर तेवढा भाग खरवडून परत मारा.

आणि मला इथेच खाली एवढं कळवा: मशीन कुठलं, होज एकूण किती फूट, त्या दिवशी डिस्प्लेवर किती ॲम्प होते, ब्रेकर पडला होता का, आणि तिसऱ्या तुकड्याच्या जॉइंटची टेप काढल्यावर आत काय दिसलं. तोवर ही होज चालू करू नका.