‘एक हितचिंतक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सलाम.

मागच्या आठवड्यात मी पार्सनेजमधल्या, म्हणजे चर्चने पाळकाला दिलेल्या घरातल्या, टीव्हीवर लिहिलं. रात्री माझी आई, बायको आणि दहावीतली मुलगी एक मराठी मालिका बघतात, मीही त्यांच्यात बसतो आणि त्यामुळे आमची कुटुंबप्रार्थना आठाऐवजी साडेनऊला होते, एवढाच त्या लेखाचा मामला. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं, बहुतेकांनी आपापल्या घरातलं सांगितलं. आपण जे लिहिलंत ते मात्र दोन ओळींत मिटण्यासारखं नाही, म्हणून हे वेगळं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी आपलं म्हणणं सांगतो. मालिका म्हणजे सासू-सुनांचा विखार. टीव्हीसाठी प्रार्थनेची वेळ हलवणं म्हणजे देवाला दारात ताटकळत ठेवणं. तरुण संघाला चर्चच्या हॉलमध्ये सिनेमे दाखवण्यात मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या पैशाची, वीज जळते, आणि प्रोजेक्टरही मंडळीनेच घेतलाय. आणि मग हे वाक्य: “कुसंगतीने नीती बिघडते हे वचन आमचे ‘आधुनिक’ पाळकसाहेब विसरले, की मुलीच्या हट्टापुढे गिळून बसले???”

तीन प्रश्नचिन्हं आपलीच, आणि ‘आधुनिक’ला लावलेली अवतरणचिन्हंसुद्धा.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. लेख रविवारी सकाळी, उपासनेच्या तोंडावर टाकला, ते बरं दिसलं नाही. मी संदेश देत होतो आणि मागच्या बाकांवर माझाच लेख वाचणं चाललं होतं. यापुढे सोमवारी टाकीन. झालं समाधान?

आता ‘गिळून बसले’. मतभेदाचं मला वावडं नाही. आमच्या पंचांच्या बैठकीत आवाज चढतात, चहा आला की उतरतात. पाळकाला खडसवायचं तर खुशाल खडसवा, पण दहावीतल्या पोरीला मध्ये ओढायचं काय कारण? तिने हट्ट केला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. टीव्ही लावते माझी आई. ऐंशी ओलांडलेली बाई, महिला मंडळातल्या निम्म्या बायकांना तिने मुळाक्षरं शिकवली. तिच्या हट्टाबद्दल काही म्हणायचं असेल तर घरी येऊन तिच्या तोंडावर म्हणा, मी चहा ठेवतो. विजेच्या बिलाची एवढी काळजी बाहेरच्या माणसाला नसते, म्हणजे आपण मंडळीतलेच आहात. मग ‘हितचिंतक’ हा बुरखा कशाला? हित चिंतायची ही भाषा असेल तर वाईट चिंतणारे कसे बोलतात ते ऐकायची उत्सुकता आहे.

राहिलं वचन. मी ते विसरलेलो नाही, आपणच ते मागचंपुढचं सोडून वाचलंय. बायबलात प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, १ करिंथ १५ उघडा. हा सगळा अध्याय पुनरुत्थानाचा. १२व्या वचनात पौल विचारतो, मेलेले उठत नाहीत असं तुमच्यातले काही जण म्हणतातच कसं? ३२व्यात खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे, ही वृत्ती येते, आणि लगेच ३३व्यात कुसंगती. म्हणजे पौलाला ज्या संगतीची धास्ती आहे ती कुठल्या तमाशाच्या फडातली नाही. ती मंडळीतली, आपल्याच बाकावर मांडीला मांडी लावून बसलेली आहे. यावर मला जास्त बोलायला लावू नका.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ते वाक्य मुळात पौलाचं नाही. मिनँडर नावाचा ग्रीक नाटककार ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. तरुणांची प्रेमप्रकरणं, बेरकी नोकर, खवट म्हातारे, शेवटी लग्न, अशी विनोदी नाटकं लिहायचा. ‘कुसंगती’ची ओळ त्याच्या नाटकातली मानतात, बायबलाचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनेही तेच नोंदवून ठेवलंय. आज जे काम मालिका करतात तेच त्या काळी ही नाटकं करायची. मालिकेच्या नावाने आपण जो दगड मला मारलात तो मालिकेच्याच अंगणातला निघाला! पौलाने हे एकदाच केलं असंही नाही. अथेन्सला अरीयपग या सभेच्या जागी उभा राहून तो तिथल्या लोकांना त्यांच्याच कवींची ओळ ऐकवतो (प्रेषितांची कृत्ये १७:२८), आपला सहकारी तीत याला लिहिताना क्रेतीच्या एका कवीचं वाक्य घालतो. कानात बोळे घालून हिंडणाऱ्या माणसाला अशा ओळी ऐन वेळी आठवत नाहीत.

आपल्याकडचंच बघा की. इंग्लंडात जन्मलेला फादर स्टीफन्स गोव्यात आला आणि त्याने प्रभूची कथा मराठीत, ओवीत सांगितली. १६१६ साली ते पुराण छापलं गेलं. ओवी कुठली? जात्यावरची, ज्ञानेश्वरीतली. पुढे आपल्या नगरकडच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन उचललं, टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं. रेव्हरंड टिळकांचे अभंग आपण दर रविवारी डोळे मिटून गाता, तेही पेटी-ढोलकीवर. अभंग काय विलायतेहून आला होता? लोकांना जे आवडतं, जे त्यांच्या ओठांवर असतं, त्याला हात न लावता या मातीत सुवार्ता कोणी सांगितली असेल तर मला दाखवा. मालिका म्हणजे अभंग नव्हे, हे आपण आता म्हणालच. नाहीच. कोण म्हणतंय?

पण आपल्या त्या वाक्यात खरा टोमणा वचनाचा नव्हता, बापपणाचा होता. तेव्हा बापाबद्दल बोलू. हे मी व्यासपीठावरून कधी सांगितलेलं नाही.

माझे वडील नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. घरात रेडिओ होता, चामडी कव्हरातला. सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांपुरता तो बोलायचा. बातम्या संपल्या की वडील रेडिओचं मागचं झाकण उघडायचे, चारही सेल काढून रुमालात गुंडाळायचे आणि लोखंडी पेटीत बायबलाशेजारी ठेवून कुलूप लावायचे. थोरला भाऊ गावभर हिंडून लोकांनी टाकून दिलेले सेल गोळा करायचा. दुपारी ते पत्र्यावर उन्हात तापवले की रात्री अर्धा तास तरी चालायचे. बुधवारी आम्ही दोघं एका गोधडीत, रेडिओ मध्ये, आवाज अगदी बारीक, आणि रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. एकदा ‘पायदान’, म्हणजे गाण्याचा क्रमांक, जाहीर होत असतानाच गोधडी उचलली गेली. वडिलांनी शाळेतली छडी घरी आणली होती. मी धाकटा म्हणून सुटलो.

भाऊ मॅट्रिक होताच पिंपरीला गेला. लग्न केलं, घर बांधलं, माणूस म्हणून माझ्यापेक्षा सरस आहे. चर्चमध्ये मात्र त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. वडिलांच्या मातीला आला, तोही गेटपाशीच उभा राहिला. माझ्या वडिलांना वचनं आपल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त पाठ होती, आणि त्यांचं आमच्यावर प्रेम नव्हतं असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. पण गाण्याच्या भीतीने त्यांनी घरातला एक मुलगा घालवला. ‘कुसंगती’ हेच वचन ते त्या रात्री म्हणत होते. म्हणून आपण ते इतक्या सहज लिहिलंत तेव्हा मला झोंबलं, हे लपवत नाही.

माझ्या मुलीचे सेल काढून घ्यायची सोय नाही. तिच्या हातात फोन आहे, अभ्यासाचे निम्मे व्हिडिओ त्यावरच येतात. मी टीव्ही बंद केला तर ती आतल्या खोलीत जाऊन एकटी बघेल, आणि काय बघतेय ते मला कळणारही नाही. परवाच्या भागात सुनेने सासूचे पाय धरून माफी मागितली. पाऊस, बासरी, सगळा सरंजाम. आई घेवडा निवडत होती. मुलगी म्हणाली, “पप्पा, चूक तर सासूची होती ना?” आई मान वर न करता म्हणाली, “घर टिकवायचं तर कुणीतरी वाकावं लागतं.” “मग नेहमी सूनच का?” त्या रात्री प्रार्थनेला मत्तय १८ वाचला, साताच्या सत्तर पट क्षमा करण्याचा. आजी-नातीचं दहा वाजून गेले तरी पटलं नव्हतं, आणि मीही कुणाच्या बाजूने निकाल दिला नाही. आपल्याकडे आठच्या प्रार्थनेला असं काही होत असेल तर आनंदच आहे.

बाकीचे मुद्दे. मालिकांमधला विखार: असेल, आहेच, तो आजचा विषय नाही. प्रार्थनेची वेळ: वेळ बदलली, प्रार्थना नाही. पुढे.

मत्तय १८ निघालाच आहे तर त्याचं १५वं वचनही बघून ठेवा. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याचा दोष त्याला दाखव, असं तिथे आहे. दोघंच असताना. चारशे जण वाचतात तिथे टोपणनावाने, असं नाही.

तरुण संघाचा शनिवारचा सिनेमा ठरल्याप्रमाणे होईल, नंतर चर्चा आणि भेळ. प्रोजेक्टर माझ्या मेव्हण्याचा आहे, तो मंडळीने घेतलाय ही आपली समजूत काढून टाका. हॉलचं या महिन्याचं बिल नेहमीपेक्षा जास्त आलं तर वरचा फरक माझ्या मानधनातून कापा, असं मी खजिनदारांना लिहून दिलं आहे. त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली, पण मी दिली होती.