भोवत्याची मादी आणि मी ॲडमिन

आमच्या पक्षीवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे, म्हणजे ज्यानं ग्रुप काढला त्याची बदली झाली आणि जाताना मला ॲडमिन करून तो गपचिप लेफ्ट झाला. मला वाटलं मान दिला. लोढणं होतं राव ते. ग्रुपात १०२४ माणसं मावतात म्हणे, आमच्यात दोनशे आहेत आणि भांडायला दोनच. पुरतात.

एक गुरुजी, रिटायर. जायकवाडी १९८६ ला पक्षी अभयारण्य झालं तेव्हापासून ते तिथं जायलेत, हे ते दर वादात सांगतात. दुसरे बँकवाले काका. मागच्या हिवाळ्यात गुरुजींनी धरणाकडच्या माळावरचा भोवत्या ह्या शिकारी पक्ष्याच्या मादीचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'पांढुरका भोवत्या'. दोन मिनिटांत काका हजर, "हा माँटेग्यूचा." आता भोवत्याच्या ह्या दोन्ही जातींच्या माद्या इतक्या सारख्या की गळ्याभोवती फिकी कॉलर ठळक दिसली तर पांढुरका म्हणायचं, आणि गुरुजींच्या फोटोत पक्षी जिऱ्याएवढा, बाकी सगळं आभाळ. रात्री अकरापर्यंत दोघंही त्याच फोटोवर लाल गोल काढून परत परत टाकायलेत, शेवटी नुसते गोलच उरले. मग दोघांचे मला पर्सनलवर मेसेज. "त्यांना काढा नायतर मी निघतो." मजकूर सेम, शुद्धलेखन फक्त वेगळं.

कसंबसं मिटवलं तर एप्रिलात गुरुजींनी टिटवीच्या अंड्यांचा फोटो टाकला. घरट्याचे फोटो टाकायचे नाहीत हा नियम, कारण फोटो बघून लोक तिथं जातात आणि टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. मी डिलीट केला. ॲडमिननं डिलीट केला हे सगळ्यांना दिसतं, चोरून करायची सोयच नाही. गुरुजी पेटले. "टिटवीनं उंचावर अंडी घातली म्हंजी पाऊस चांगला, ही शेतकऱ्याची माहिती आहे, ती कामून दाबायलेत?" काकांनी लगेच नियम म्हणजे नियम म्हणून मला पाठिंबा दिला आणि त्याच नियमानं तो जुना भोवत्याही उडवा म्हणाले. त्यात घरटं कुठं होतं!

वैतागून 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' करून टाकलं. तर फोन सुरू झाले, इतके की आईनं विचारलं, "कोण गेलं रे?"

शेवटी जानेवारीत मित्राच्या शेतात हुरड्याला दोघांनाही बोलावलं, एकमेकांना न सांगता. समोरासमोर बसवून मिटवू म्हटलं. नियमांची प्रिंटही काढून नेली होती. बघतो तर बांधावरून काकांची स्कूटर, मागं गुरुजी, गळ्यात दोन दुर्बिणी. दर रविवारी असेच जातात म्हणे, पेट्रोल आळीपाळीनं.

आगटीतलं गरम कणीस गुरुजींनी तळहातावर चोळलं, फुंकर मारून फोलपट उडवलं आणि पहिली मूठ काकांच्या हातावर ठेवली. मी म्हटलं, मग ग्रुपवर ते काय चालू असतंय?

"ग्रुपवरचं वेगळं हो," काका म्हणाले, "तिथं दोनशे माणसं बघायलेत, माघार कशी घ्यायची?"

"आन् तुम्ही आमच्यात पडत नका जाऊ," गुरुजी चटणी घेत घेत मला म्हणाले.

तेवढ्यात हरभऱ्याला घासत एक भोवत्या गेला, मादीच. दोन्ही दुर्बिणी वर. बराच वेळ कुणी बोलेना. मग गुरुजी हळूच म्हणाले, "कॉलर नाही दिसत. माँटेग्यूचाच आहे हो हा. आन् तो मागचाबी असंल."

काकांनी दुर्बीण खाली न घेताच विचारलं, "टाकता का ग्रुपवर?"

"छ्या!"