बियॉन्सेच्या पहिल्या अल्बमवरचा तो मेसेज पुढं ढकलायच्या आधी एवढं वाचा

गेले पंधरा दिवस एकच मेसेज आमच्याकडं बेळगावात फिरायलाय. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर आला, खानापूरच्या पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर आला, शेजारच्यांकडं तर कन्नडमध्ये आलाय तोच. मजकूर थोडक्यात असा की २००३ साली अमेरिकन गायिका बियॉन्सेनं डेस्टिनीज चाइल्ड हा आपला गाण्याचा ग्रुप सोडून पहिला सोलो अल्बम काढला, सगळ्या समीक्षकांनी तो फाडून टाकला, न्यूयॉर्क टाइम्सनं लिहिलं की ही काही आशांती नव्हे (आशांती म्हणजे तेव्हा गाजत असलेली दुसरी गायिका), आणि आज आशांती कोण ते कुणाला माहीतसुद्धा नाही. समीक्षक म्हणाले यात एकही हिट गाणं नाही, मग त्याच अल्बमला पाच ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे मोठे पुरस्कार, मिळाल्या आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली, तेव्हा समीक्षकांचं कधीच ऐकू नका, आपल्या मनाचं करा.

वाचायला लई भारी वाटतं, मान्य. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर चूक आहे नाहीतर अर्धवट आहे, आणि हे मी उगाच खुसपट काढायचं म्हणून सांगत नाही. २००३ ला मी कॉलेजात होतो, त्या अल्बममधलं क्रेझी इन लव्ह केबलवर लागलं की शहापूरच्या आमच्या घरात टीव्हीचा आवाज वाढायचा आणि आई आतून ओरडायची, इंजिनिअरिंगला असलेल्या मित्राकडनं ती सीडी आणून मी महिनाभर परत दिली नव्हती. तो अल्बम माझा आहे असं मला आजही वाटतं, म्हणून त्याच्याबद्दल काहीही खपवलेलं बघवत नाही.

पहिली गोष्ट, ग्रुप सोडून वगैरे काही झालं नव्हतं. डेस्टिनीज चाइल्डच्या तिघींनी मिळून ठरवलेलं की थोडे दिवस आपापलं काम करू. मिशेल विल्यम्सचा गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचा, अल्बम २००२ च्या एप्रिलमध्ये आला, केली रोलंडचा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, आणि बियॉन्सेचा डेंजरसली इन लव्ह सगळ्यात शेवटी, जून २००३ ला. तो खरं तर आधीच यायचा होता, पण केलीचं रॅपर नेलीसोबतचं डिलेमा हे गाणं अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत दहा आठवडे एक नंबरला बसलं, तेव्हा आधी तिचा अल्बम येऊ दे म्हणून बियॉन्सेचा पुढं ढकलला. २००४ ला तिघी परत एकत्र आल्या, डेस्टिनी फुलफिल्ड काढला, आणि २००५ ला ग्रुप थांबवतोय असं जाहीर केलं. म्हणजे एकटी पोरगी सगळ्या जगाविरुद्ध बाहेर पडली अशी जी गोष्ट मेसेजमध्ये रंगवलीय ती तशी नाहीच.

आता सगळ्यांनी फाडला हे. अहो, नाही फाडला. परीक्षणं बरी ते संमिश्र अशी होती, सगळ्यांची सरासरी काढली तर शंभरपैकी साठीच्या घरात येते, फर्स्ट क्लास म्हणतात त्याला आपल्याकडं. बऱ्याच जणांचं म्हणणं एकाच ठिकाणी येऊन थांबायचं, की सुरुवातीची गाणी जबरदस्त आहेत आणि पुढं संथ गाण्यांची रांग लागते तिथं अल्बम ढेपाळतो. आता खरं सांगा, यात चूक काय आहे? क्रेझी इन लव्ह, नॉटी गर्ल, बेबी बॉय, अशी तीन गाणी लागोपाठ सुरुवातीलाच आहेत, श्वास घ्यायला वेळ देत नाहीत. सहाव्या नंबरला ‘मी, मायसेल्फ अँड आय’ आहे, ते तर माझ्या मते आख्ख्या अल्बममधलं सगळ्यात मुरलेलं गाणं. पण त्याच्यानंतर यस, मग राशींची नावं घेत जाणारं साइन्स, मग स्पीचलेस, इथं माझा हात तेव्हासुद्धा पुढच्या ट्रॅकच्या बटणावर जायचा आणि आजही जातो. ‘डेंजरसली इन लव्ह टू’ या गाण्याला तिचा आवाज असा काही उघडतो की मागचं सगळं माफ, ते वेगळं. म्हणजे समीक्षकांनी जे लिहिलं ते माझ्यासारख्या चाहत्यानं सीडी वाजवताना बोटांनी केलेलंच होतं.

आणि त्याच समीक्षकांनी क्रेझी इन लव्हला काय केलं ते मेसेजवाला सांगत नाही. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॉइस साप्ताहिक दरवर्षी अमेरिकेतल्या शेकडो समीक्षकांची मतं मागवून वर्षाची यादी काढायचं, पॅझ अँड जॉप म्हणायचे तिला. २००३ च्या त्या यादीत गाण्यांमध्ये पहिलं आउटकास्ट या रॅप जोडीचं ‘हे या’, आणि दुसरं क्रेझी इन लव्ह. आख्ख्या वर्षातल्या सगळ्या गाण्यांत दुसरा नंबर, आणि देणारे कोण, तर हेच समीक्षक. याला फाडणं म्हणत असतील तर मग कौतुक कशाला म्हणायचं?

आता येतो आशांतीवर, कारण मेसेजमधला सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा भाग तोच आहे. ते शीर्षक खरं आहे. ६ जुलै २००३ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये केलेफा सॅने या समीक्षकाचा लेख आला होता आणि शीर्षकाचा अर्थ तोच, सोलो बियॉन्से म्हणजे काही आशांती नव्हे. आज वाचलं की हसायला येतं, कबूल. पण आज वाचायलोय आपण. २००३ च्या जुलैत उभं राहून बघा. आदल्याच वर्षी, २००२ ला, आशांतीचा पहिला अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात ५ लाख ३ हजार प्रती खपल्या, पदार्पण करणाऱ्या गायिकेसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. तिचं फुलिश हे गाणं दहा आठवडे एक नंबरला होतं. बियॉन्सेच्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात ३ लाख १७ हजार प्रती गेल्या, एक नंबरला आला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याला खाली ढकलून वर कोण आलं, तर आशांतीचा दुसरा अल्बम. म्हणजे दोघींचे अल्बम एका आठवड्याच्या अंतरानं दुकानात लागलेले, रेडिओवर दोघी एका मागोमाग एक, तेव्हा तुलना करायची नाही तर काय करायचं?

अजून एक सांगतो, हे मला स्वतःला फार आवडतं. ग्रॅमीमध्ये कंटेम्पररी आर अँड बी अल्बम असा एक विभाग २००३ ला नव्यानं सुरू झाला (आर अँड बी म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातला एक प्रकार). त्याचा पहिला पुरस्कार कुणाला, आशांतीला. आणि दुसऱ्या वर्षी, २००४ ला, बियॉन्सेला. ज्या आशांतीला आशांती कोण म्हणून उडवून लावायलेत तिच्या पाठोपाठच बियॉन्सेचं नाव त्या यादीत लागलंय. एकीला मोठं करायला दुसरीला पुसून टाकायचं, हे मला पटत नाही, दोघी मेहनतीनं वर आलेल्या पोरी आहेत.

सॅनेबद्दलही एक गोष्ट. मेसेज वाचून वाटतं की हा कुणीतरी म्हातारा, गिटारशिवाय काही न आवडणारा, पॉपला नाकं मुरडणारा माणूस असणार. उलटं आहे. याच माणसानं ३१ ऑक्टोबर २००४ ला त्याच पेपरात एक लेख लिहिला, की रॉकच्या फूटपट्टीनं पॉप, आर अँड बी, डिस्को मोजणं बंद करा, ज्यांना तुम्ही हलकं समजता ते संगीतही तितक्याच गंभीरपणे ऐका. इंग्रजी समीक्षेत त्या लेखावर आजही वाद होतात. आज बियॉन्सेवर पेपरांत पानं भरून गंभीर लेखन होतं त्या वाटेवरचा तो एक मोठा दगड आहे. ज्यानं तुमच्या आवडत्या गायिकेसाठी दार उघडायला हात लावला त्यालाच तुम्ही मूर्ख ठरवताय, एका शीर्षकावरनं. शीर्षक पेपरात बहुतेक वेळा लेखक देतही नाही, डेस्कवरचा माणूस देतो, आपल्या बेळगावच्या पेपरांत काम केलेल्या कुणालाही विचारा.

एकही हिट नाही, हे कोण म्हणालं? हे समीक्षकांच्या तोंडी घातलंय ते सरळ चूक आहे. ही गोष्ट बियॉन्सेनं स्वतः ऑगस्ट २०११ ला न्यूयॉर्कच्या रोझलँड या हॉलमधल्या कार्यक्रमात स्टेजवरनं सांगितली. अल्बम तयार झाल्यावर तिनं तो आपल्या रेकॉर्ड कंपनीला ऐकवला, आणि कंपनीची माणसं म्हणाली, यात एकही हिट नाही. त्यावर तिचं उत्तर, बरोबरच होतं त्यांचं, एक नव्हतं, पाच होते. कंपनीची माणसं, लक्षात घ्या. ज्यांचे पैसे लागलेले, ज्यांना अल्बम विकायचा होता ती माणसं. परीक्षण लिहिणाऱ्याच्या हातात तर सीडी अजून पडलीही नव्हती. कंपनीची चूक उचलून समीक्षकांच्या डोक्यावर ठेवली आणि मेसेज गोड करून पुढं ढकलला. गाण्यांचं काय झालं ते तर जगजाहीर आहे, क्रेझी इन लव्ह आठ आठवडे एक नंबर, बेबी बॉय नऊ आठवडे एक नंबर, नॉटी गर्ल तीनपर्यंत, ‘मी, मायसेल्फ अँड आय’ चारपर्यंत.

क्रेझी इन लव्हचीच गोष्ट घ्या. रिच हॅरिसन नावाच्या निर्मात्याकडं तो ट्रॅक होता, शिकागोच्या शाय-लाइट्स या ग्रुपच्या १९७० च्या गाण्यातला ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या वाद्यांचा, तुकडा उचलून केलेला. बियॉन्सेला आधी वाटलं हे जरा जास्तच जुन्या वळणाचं आहे. तरी तिनं हॅरिसनला सांगितलं, दोन तासांत गाणं लिहून ठेव, मी येते. म्हणजे शंका तिलाही आली होती! शंका येणं आणि तरीही ऐकून बघणं, त्यातनंच ते गाणं निघालं.

ग्रॅमीचं म्हणाल तर पाच मिळाल्या हे खरंय, ८ फेब्रुवारी २००४ ला एका रात्रीत पाच, त्यात गायक ल्युथर व्हँड्रॉससोबतच्या गाण्याचीही एक. पण ग्रॅमी समीक्षक देत नाहीत. मतदान करतात ते रेकॉर्डिंग अकॅडमीचे सभासद, म्हणजे गाणारे, वाजवणारे, लिहिणारे, निर्माते, साउंड इंजिनिअर. तेव्हा समीक्षकांनी शब्द मागे घेतले असं म्हणायला जागाच नाही, ते त्या खोलीत नव्हतेच. आणि त्या सभासदांनीसुद्धा डेंजरसली इन लव्हला वर्षातला सर्वोत्तम अल्बम या विभागात नामांकन दिलं नव्हतं. पाच नावं होती, त्यात जस्टिन टिंबरलेकचा जस्टिफाइड होता, तोही ग्रुपमधनं आलेल्याचा पहिलाच सोलो अल्बम, आणि जिंकला आउटकास्टनं. बियॉन्सेला तो पुरस्कार मिळाला २०२५ ला, काउबॉय कार्टर या अल्बमसाठी. मधल्या काळात समीक्षकांचे आकडे बघा, २०१६ च्या तिच्या लेमोनेड या अल्बमला सरासरी नव्वदीच्या पुढं गेली. अल्बम बांधेसूद होत गेले तसे त्यांचे शब्दही बदलत गेले. हे काही सूड उगवणं नाही.

आता शेवटचं वाक्य, समीक्षकांचं कधीच ऐकू नका. माझ्या चुलतभावाचा मुलगा ऑर्केस्ट्रात गातो, गणपतीत बेळगावपासून निपाणीपर्यंत कार्यक्रम असतात त्याचे, गळा खरंच देखणा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यानं ऑर्केस्ट्रातलं काम जरा बाजूला ठेवून स्वतःच्या चार गाण्यांचा अल्बम नेटवर टाकला. मी चारही गाणी पाच-सहा वेळा ऐकली आणि ग्रुपवर लिहिलं की पहिलं आणि चौथं फार सुंदर झालंय, दुसऱ्यात तुझा आवाज वाद्यांच्या खाली गेलाय, शब्द कळत नाहीत, ते परत मिक्स करून घे. दहा मिनिटांत त्याच्या एका मित्रानं हा बियॉन्सेचा मेसेज माझ्या खाली टाकला. मग दुसऱ्यानं. मग अंगठे आणि बदाम. पोरगा स्वतः काहीच बोलला नाही. मला त्याचं जास्त वाईट वाटलं, कारण त्या चार गाण्यांवर कुणीतरी गाण्याबद्दल लिहिलेलं ते एकच वाक्य होतं, बाकी सगळं लई भारी भावा आणि आगीचं चिन्ह.

आपला हा मुलूख कानाचा आहे की हो. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला, त्यांच्या गाण्यावर केवढे वाद झाले, घराण्याची चौकट मोडतात म्हणून काही जाणकार रुसले, काहींनी डोक्यावर घेतलं, पण दोन्ही बाजूंचे लोक बसून ऐकायचे आणि मग बोलायचे. इथल्या बैठकीत जुना श्रोता जिथं दाद द्यायची नाही तिथं गप्प बसायचा आणि गाणाऱ्याला ते कळायचं. एवढं ऐकणं ज्या मातीत झालं तिथं न ऐकता पाठवलेला मेसेज ऐकणाऱ्याला गप्प करायला वापरायचा, हे मला सहन होत नाही, म्हणून एवढं लांब लिहिलं.

परवा रात्री साडेदहाला त्या पोराचा फोन आला. म्हणाला, काका, दुसऱ्या गाण्यात नेमकं कुठं म्हणालात? मी म्हटलं, अंतऱ्याची दुसरी ओळ, जिथं ढोलकी आणि कीबोर्ड एकदम येतात तिथं. थोडा वेळ तो गप्प होता, मग म्हणाला, होय की, मला पण तिथंच खटकत होतं. रविवारी लॅपटॉप घेऊन येतो म्हणालाय, सगळे ट्रॅक वेगवेगळे असलेली फाइल आहे त्याच्याकडं.