शिकोकूची कलणारी डिझेल गाडी

जपानच्या शिकोकू बेटावर 2700 मालिकेची एक डिझेल गाडी धावते. कमाल वेग ताशी 130 किलोमीटर. आपली राजधानीही एवढी पळते, मग यात काय मोठं, असं कुणीही विचारेल. मोठं हे आहे की ही गाडी 1067 मिलिमीटरच्या रुळांवर धावते, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा जेमतेम चार बोटं रुंद. त्यातून मार्ग बहुतेक एकेरी, डोंगरातला, आणि तादोत्सूहून कोचीपर्यंतचा रस्ता 1935 साली पुरा झालेला. त्या काळी डोंगराला वळसा घालणं हाच शहाणपणा होता. योशिनो नदी जिकडे वळते तिकडे रूळ वळतात. अशा मार्गावर ओकायामा ते कोची हे सुमारे 180 किलोमीटरचं अंतर ‘नानपू’ एक्सप्रेस साधारण अडीच तासांत तोडते, वाटेत बरेच थांबे घेऊन.

बुलेट ट्रेनच्या कौतुकात ही गाडी कुणाच्या बोलण्यात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबई-अहमदाबाद प्रकल्पामुळे शिंकानसेन आपल्या घराघरात पोचली. ती अफाट आहेच, वादच नाही. पण शिंकानसेनसाठी आधी तिच्यासारखा सरळ, स्वतंत्र मार्ग बांधावा लागतो. मार्ग जुना आहे, वाकडा आहे, नवा बांधायला पैसे नाहीत आणि प्रवासीही थोडेच आहेत, अशा ठिकाणी काय करायचं याचं उत्तर तिच्याकडे नाही. ते शिकोकूच्या या गाडीकडे आहे, आणि जगातल्या बहुतेक रेल्वेमार्गांचा प्रश्न हाच आहे.

वळणावर गाडीचा वेग नेमका कशामुळे अडतो? गाडी उलटेल म्हणून, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ती मर्यादा बरीच पुढे असते. त्याच्या आधी प्रवाशाचं सुख संपतं. आंबा घाटात एसटी जोरात वळली की शेजारचा माणूस अंगावर येतो, तसंच. रेल्वेत यावर जुना उपाय म्हणजे वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवणं. पण तोही फार उंच करता येत नाही, कारण त्याच वळणावरून हळू चालणाऱ्या गाड्याही जातात आणि सिग्नल नसला तर गाडी तिथेच उभीही राहते. मग उरलेला कल डब्यालाच द्यायचा. 2700 चा डबा वळणावर आतल्या बाजूला 5 अंशांपर्यंत कलतो. प्रवाशाला बाहेर ढकलणारा जोर पायाखाली, आसनाकडे वळतो. चहाचा कप जागचा हलत नाही आणि गाडी साध्या गाडीपेक्षा ताशी 20-30 किलोमीटर जास्त वेगाने वळण पार करते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कलण्यामुळे रुळांवरचा जोर कमी होत नाही, कमी होतो तो फक्त प्रवाशाला जाणवणारा. म्हणून अशी गाडी हलकी लागते, तिचं वजन जमिनीलगत ठेवावं लागतं आणि रूळही मजबूत करावे लागतात. नुसता कलणारा डबा विकत आणून काम भागत नाही.

ही कल्पना जपानी राष्ट्रीय रेल्वेने 1973 मध्ये विजेच्या गाडीवर आणली. 381 मालिका, नागोया ते नागानो धावणारी ‘शिनानो’. डबा रोलरांवर ठेवलेला, वळण आलं की आपोआप लंबकासारखा झुलायचा. पण रोलर सुरुवातीला अडायचे, डबा उशिरा कलायचा आणि मग एकदम कलायचा. वळण संपलं तरी सरळ व्हायला वेळ लावायचा. प्रवाशांना गाडी लागायची, उलटीच्या पिशव्या ठेवाव्या लागायच्या. वेग मिळाला, पण लोकांच्या पोटात कालवाकालव करून.

डिझेलमध्ये तर आणखी एक अडचण होती. इंजीन डब्याच्या पोटाशी टांगलेलं, आणि तिथून फिरता दांडा चाकांपर्यंत ताकद नेतो. दांडा एका दिशेला फिरला की त्याची उलट पीळ डब्याला बसते. साध्या डब्यात ती जाणवत नाही. पण जो डबा मुद्दाम सहज कलेल असा बनवलाय, तो इंजीन जोरात चालवलं की सरळ मार्गावरसुद्धा एका अंगाला झुकेल. शिकोकूच्या अभियंत्यांनी याचं उत्तर फार देखणं काढलं. एका डब्याला दोन इंजिनं द्यायची आणि त्यांचे दांडे एकमेकांच्या उलट फिरवायचे. एकाची पीळ दुसऱ्याने मारायची. डोंगर चढायला दोन इंजिनांची ताकद हवीच होती, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण नेहमी सांगतो.

उशिरा कलण्याचंही उत्तर त्यांनी रेल्वे संशोधन संस्थेबरोबर काढलं. मार्गावरची सगळी वळणं गाडीच्या संगणकात आधीच भरलेली. सुरक्षायंत्रणेसाठी रुळांमध्ये बसवलेल्या खुणांवरून गाडी आपण नेमके कुठे आहोत हे ओळखते आणि वळण सुरू होण्याआधीच दाबाच्या हवेचा सिलिंडर डब्याला हळूच कलवू लागतो. 1989 मध्ये तीन डब्यांची नमुना गाडी आली आणि पुढच्याच वर्षापासून 2000 मालिकेचं उत्पादन सुरू झालं. अशा नियंत्रित लंबकाची ती जगातली पहिली डिझेल गाडी.

हे कुणी केलं ते बघा. राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे होऊन 1 एप्रिल 1987 रोजी जेआर शिकोकू जन्माला आली, सहा प्रवासी कंपन्यांतली सगळ्यात छोटी. बहुतेक मार्ग तोट्यातले. तोटा भरून निघावा म्हणून सरकारने दोनशे अब्ज येनहून मोठा निधी दिला होता. त्याच्या व्याजावर गाडा हाकायचा, अशी योजना. पुढे जपानमधले व्याजदर तळाला गेले आणि तो आधारही बारीक झाला. 1988 मध्ये सेतो महापूल उघडला, शिकोकू पहिल्यांदा रेल्वेने होन्शूशी, म्हणजे जपानच्या मुख्य बेटाशी, जोडलं गेलं. पण बेटावर द्रुतगती रस्तेही झपाट्याने वाढत होते, बस स्वस्त होती. गाडीचा वेळ कमी झाला नाही तर प्रवासी जाणार हे उघड होतं. नवा मार्ग बांधणं स्वप्नातही शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी गाडी बदलली.

माझ्या मते या गोष्टीचा सगळ्यात मोलाचा भाग मात्र नंतरचा आहे. 2017 मध्ये कंपनीने 2600 मालिका आणली. लंबकाची यंत्रणा महाग, तिची देखभाल किचकट. त्यापेक्षा डब्याखालच्या हवेच्या फुग्यांत एका बाजूला जास्त हवा भरून डबा थोडासा कलवायचा, असा स्वस्त मार्ग. इतर ठिकाणी तो चांगला चालतो. पण दोसान मार्गावर, म्हणजे तादोत्सूहून कोचीला जाणाऱ्या त्याच डोंगरी मार्गावर, चाचण्या घेतल्या तेव्हा कळलं की वळणं एकापाठोपाठ एक इतकी येतात की फुग्यांना हवा पुरत नाही. एक वळण संपतं न संपतं तोच उलट दिशेचं दुसरं. कंपनीने काय केलं? 2600 चे चारच डबे बनवून थांबली. ते ताकामात्सू-तोकुशिमाच्या ‘उझुशिओ’वर लावले आणि दोसानसाठी पुन्हा लंबकाकडे आली. 2019 मध्ये 2700 आली, डब्याला 450 अश्वशक्तीची दोन इंजिनं आणि तोच 5 अंशांचा कल. वेळापत्रक थोडं सैल करून स्वस्त गाडी रेटता आली असती. प्रवाशांनी दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली म्हणून मोर्चा काढला नसता. तरी तोट्यातल्या कंपनीने महाग पर्याय निवडला, कारण मार्गाची गरज ती होती. या निर्णयाबद्दल मला प्रचंड आदर आहे.

दुसरी बाजू सांगितली नाही तर ते बरोबर होणार नाही. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर 1994 पासून किहा 281 ही कलणारी डिझेल गाडी हाकोदाते-सापोरो हे 300 किलोमीटरहून जास्त अंतर तीन तासांच्या आत नेत होती. डिझेलच्या इतिहासातला तो अभिमानाचा काळ. पण 2011 च्या मे महिन्यात किहा 283 ची ‘सुपर ओझोरा’ खालचे भाग गळून पडून घसरली, बोगद्यात थांबली आणि जळून खाक झाली. प्रवासी धुरातून चालत बाहेर आले, कुणाचा जीव गेला नाही हे नशीब. दोष चाकांच्या झिजेचा आणि देखभालीचा होता, कलण्याचा नाही. त्यानंतरही अपघात होत राहिले आणि तिथल्या रेल्वे कंपनीने वेग उतरवले. लंबक आणि हवेचे फुगे दोन्ही एकत्र वापरून 8 अंश कलणारी किहा 285 तयार झाली होती, ती 2014 मध्ये बाजूला ठेवली. 281 ने 2022 मध्ये निरोप घेतला. तिथे आता न कलणाऱ्या गाड्या धावतात आणि वेळ जास्त लागतो. होक्काइदोचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. देखभाल पेलत नसेल तर वेग सोडायलाच हवा. पण ‘होक्काइदोने सोडलं, म्हणजे तंत्रज्ञानच कालबाह्य’ हे जे सर्रास बोललं जातं, ते मला अजिबात मान्य नाही. 2024 मध्येच ओकायामा-इझुमो मार्गावर ‘याकुमो’साठी नवी 273 मालिका आली. ती विजेवरची आहे, पण लंबकाचीच, आणि तिने तिथल्या त्या पोट ढवळणाऱ्या 381 ची जागा घेतली.

तोत्तोरी आणि शिमाने या प्रांतांनी तर 2001 च्या किहा 187 या कलणाऱ्या डिझेल गाडीसाठी स्वतःच्या तिजोरीतून हातभार लावला. जपानमधले अगदी कमी लोकवस्तीचे प्रांत हे. आपल्या गावची गाडी लवकर पोचावी म्हणून स्थानिक सरकार पैसे घालतं, याचं मला अप्रूप वाटतं.

आपल्याकडे कोकण रेल्वेने नेमका उलटा रस्ता धरला. 1998 मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा वळणं मोठी ठेवली होती आणि डोंगर आडवा आला तर तो पोखरला. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. नवा मार्ग असेल तर तेच योग्य. म्हणून ‘कोकणात कलणारी गाडी का नाही’ हा प्रश्न मला कुणी विचारला की मी सांगतो, तिथे ती फारशी लागणारच नाही.

सध्या शिकोकूचे चारही प्रांत शिंकानसेनची मागणी करत आहेत. चार मुख्य बेटांपैकी शिंकानसेन नसलेलं तेच एक बेट, त्यांची भावना मी समजू शकतो. माझी भीती वेगळी आहे. मोठ्या प्रकल्पाची वाट बघताना आहे त्या मार्गाकडे दुर्लक्ष होतं, हे सगळ्या देशांत घडलेलं आहे. शिंकानसेन आली तरी ती डोंगरातल्या ओबोकेला थांबणार नाही. तिथल्या माणसाला, त्याच्या दवाखान्याच्या फेरीला, कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या मुलीला हीच डिझेल गाडी लागणार आहे. तिच्या रुळांवर, तिच्या कार्यशाळेतल्या माणसांवर सरकारने खर्च करावा आणि तो उपकार म्हणून करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्यापैकी कुणी जपानला जाणार असेल तर क्योतो-हिरोशिमा करताना ओकायामाला उतरा. नानपू जवळपास दर तासाला सुटते, देशभराचा जेआर पास तिच्यावर चालतो. महापुलावर फोटो काढाच, पण खरी गंमत आवा-इकेदाच्या पुढे, ओबोकेच्या दरीत आहे. आणि हाताशी आणखी एक दिवस असेल तर मात्सुयामाहून उवाजिमाला जाणारी ‘उवाकाई’ पकडा. तिच्यावर 2000 मालिकेच्या जुन्या गाड्या अजून दिसतात. तीस वर्षांहून जास्त सेवा झाली आहे त्यांची, आता थोड्याच उरल्यात.